पिसवा, उंदीर आणि फ्रेड वार्गास

पॅरिसच्या मोंपार्नास भागातल्या एका चौकात जॉस ल गेर्न नावाचा माणूस रोज तीन वेळा, ठरल्या घटकेला दवंडी देतो. मूळचा ब्रिटनीचा खलाशी. बोट बुडाली, मालकाशी मारामारी झाली, तुरुंग झाला आणि दर्यावरची कामं कायमची बंद झाली. मग खापरपणजोबांचा विसरला गेलेला धंदा त्याने पॅरिसात नव्याने सुरू केला. झाडाला एक पेटी लावलेली आहे. ज्याला जे सांगायचंय ते त्याने चिठ्ठीवर लिहायचं आणि पैशांसकट पेटीत टाकायचं. विक्रीच्या जाहिराती येतात, प्रेमाच्या कबुल्या येतात, शिव्याशापही येतात. शेवटी समुद्रावरचं हवामान आणि एखाद्या जुन्या जहाजबुडीची हकिगत. ती ऐकायला चौकातली मंडळी न चुकता जमतात.

मग पेटीत वेगळ्याच चिठ्ठ्या यायला लागतात. लिफाफा भारीतला, पैसे गरजेपेक्षा जास्त, भाषा जुनाट, मधूनच लॅटिन. जमिनीखाली राहणारे प्राणी वर येऊन सैरभैर होतील, असं काहीबाही त्यात असतं. जॉसला त्यातलं अक्षर कळत नाही, पण पैसे घेतलेत म्हटल्यावर तो इमानाने वाचून दाखवतो. चौकातच राहणारा दकांब्रे नावाचा म्हातारा विद्वान कान टवकारतो. हा मजकूर त्याने कुठेतरी वाचलेला असतो. शोधता शोधता सापडतं: एक तुकडा इब्न सिनाच्या वैद्यकग्रंथातला, दुसरा सतराव्या शतकातल्या लंडनच्या सॅम्युअल पेपिसच्या रोजनिशीतला. सगळे तुकडे जुळवल्यावर उलगडा होतो की कुणीतरी प्लेग येत असल्याची दवंडी पिटवून घेतंय.

त्याच सुमाराला शहरातल्या काही इमारतींत घराघरांच्या दारांवर काळ्या रंगात, आरशात दिसावा तसा उलटा, इंग्रजी चारचा आकडा उमटतो. इमारतीतलं एकच दार तेवढं कोरं राहतं. आकड्याखाली तीन अक्षरं असतात, एका जुन्या लॅटिन सल्ल्याची आद्याक्षरं: लवकर निघ, दूर जा, उशिरा परत ये. प्लेगवरचं युरोपातलं शेकडो वर्षं चालत आलेलं औषध ते एवढंच.

ही कादंबरी २००१ साली फ्रेंचमध्ये आली, तिचं नावही त्या सल्ल्यावरूनच आहे: ‘पार वीत ए रव्यां तार’. मी ती इंग्रजी अनुवादात वाचली. लेखिका फ्रेड वार्गास. रहस्यकथा मी शाळेपासून वाचत आले आहे, पण इतकं जुनं भय इतक्या आजच्या शहरात, लिफ्ट आणि मेट्रोच्या सोबतीने, माझ्या अंगावर कधी आलं नव्हतं. पुस्तक संपल्यावर ही बाई कोण हे शोधायला गेले आणि तिथे मला दुसरी गोष्ट सापडली. त्या दुसऱ्या गोष्टीचा एक धागा थेट मुंबईच्या परळपर्यंत येतो.

फ्रेड वार्गास हे टोपणनाव. खरं नाव फ्रेदेरिक ओदुआं-रुझो, जन्म १९५७, पॅरिस. ‘वार्गास’ हे आडनाव एका हॉलिवूडपटात आव्हा गार्डनरने रंगवलेल्या मारिया वार्गास या पात्राचं. जुळी बहीण जो चित्रकार, तीही ‘वार्गास’ याच आडनावाने चित्रं काढते. वडील सररिअलिस्ट मंडळींमधले लेखक. भाऊ स्तेफान हा पहिल्या महायुद्धाचा नावाजलेला इतिहासकार. आणि फ्रेदेरिक स्वतः फ्रान्सच्या राष्ट्रीय संशोधन संस्थेत पुरातत्त्वज्ञ होती. उत्खननात निघालेली जनावरांची हाडं वाचणं हे तिचं काम होतं. बैलाचं हाड, डुकराचं, मेंढीचं. त्यावर कापल्याच्या खुणा कशा, जनावर किती वयाचं, मध्ययुगातल्या मठात भिक्षू काय खात होते. कादंबऱ्या ती सुट्टीत लिहायची. तीन आठवड्यांच्या रजेत पहिला खर्डा उरकायचा आणि मग परत हाडांकडे.

या हाडांतली उंदराची हाडं तिने विशेष जवळ केली. खोदकामात उंदराचं हाड सहजासहजी हाती लागत नाही. माती नुसती हाताने उपसली तर बैलाची मांडी दिसते, उंदराची मांडी मातीबरोबर ढिगाऱ्यावर जाते. माती चाळणीतून काढावी लागते, कधी पाणी मारून. त्यामुळे ‘युरोपात अमुक काळी उंदीर नव्हतेच’ असं कुणी म्हटलं की पहिला प्रश्न विचारायचा, माती चाळली होती का? तिने आणि जां-दनी व्हीन्य या सहकाऱ्याने ठिकठिकाणच्या उत्खननांतून उंदराच्या हाडांच्या नोंदी गोळा केल्या आणि काळा उंदीर युरोपभर कसा पसरला याचा आराखडा १९९४ मध्ये मांडला. हा काळा उंदीर मूळचा आपल्या उपखंडातला. धान्याच्या पोत्यांबरोबर, जहाजांबरोबर तो पश्चिमेला गेला आणि रोमन काळात युरोपात स्थिरावला.

उंदराचा एवढा पाठपुरावा कशासाठी? कारण १३४७ पासून पाच-सहा वर्षांत युरोपातली निदान एक तृतीयांश माणसं ज्या साथीत गेली, तिचा आरोपी कोण हे ठरवायचं होतं.

मला वाटतं, फ्रेदेरिक आणि फ्रेड या दोघी एकच काम करतात. गुन्हेगार नेमका कोण ते शोधतात. आणि प्लेगच्या बाबतीत त्याला फार मोठा अर्थ आहे, कारण प्लेगचा इतिहास म्हणजे भलत्याच माणसाला धरल्याचा इतिहास आहे. विहिरींत विष कालवल्याचा आळ घेऊन फेब्रुवारी १३४९ मध्ये स्ट्रासबर्गच्या ज्यूंना जिवंत जाळलं. साथ तेव्हा त्या शहरात पोहोचलीही नव्हती. कुठे भिकाऱ्यांना धरलं, कुठे परक्यांना. विद्वानांनी शनी-गुरूच्या युतीला आणि दूषित हवेला धरलं. उंदीर सगळ्यांच्या डोळ्यांदेखत घरभर फिरत होता आणि त्याच्या केसांत पिसू होती.

पिसवेपर्यंत माणूस पोहोचला तो आपल्याकडे. २३ सप्टेंबर १८९६ रोजी डॉ. अकासियो व्हिएगस या गोव्याच्या डॉक्टरांनी मुंबईत मांडवी भागात प्लेगचं निदान केलं. धोबी तलावाजवळ मेट्रो सिनेमासमोर त्यांचा पुतळा आहे. तिथून रोज जाणाऱ्या किती जणांना तो कुणाचा हे ठाऊक असेल, कोण जाणे. त्याआधी दोनच वर्षं हाँगकाँगमध्ये यर्सिनने प्लेगचा जंतू शोधला होता. जंतू कळला, तरी तो माणसाच्या अंगात शिरतो कसा हे कुणालाच कळलेलं नव्हतं. पाश्चर इन्स्टिट्यूटने १८९७ मध्ये पॉल-लुई सीमों या डॉक्टरला इकडे पाठवलं. सीमोंने पाहिलं की काही रोग्यांच्या अंगावर, बहुतेकदा पायाकडे, एक बारीकसा फोड असतो आणि त्यात प्लेगचे जंतू सापडतात. आणखी एक गोष्ट त्याने टिपली. एका लोकरीच्या कारखान्यात सकाळी कामगार आले तर जमिनीवर मेलेल्या उंदरांचा सडा. वीस मजुरांना ते उचलायला लावलं. तीन दिवसांत त्यांतले दहा प्लेगने पडले. कारखान्यातल्या बाकी कुणाला काही झालं नाही.

२ जून १८९८ ला कराचीत त्याने प्रयोग केला. मोठ्या काचेच्या बरणीत प्लेग झालेला उंदीर ठेवला, त्यावर पिसवा पुरेशा असाव्यात म्हणून एका मांजराच्या अंगावरच्या पिसवा त्यात सोडल्या. उंदीर मरणपंथाला लागला. मग बरणीत जाळीच्या पिंजऱ्यातून निरोगी उंदीर सोडला, असा की आजारी उंदराला त्याचा स्पर्श होणार नाही, पिसू मात्र उडी मारून जाईल. आजारी उंदीर मेला आणि काही दिवसांत निरोगीही प्लेगने मेला. त्याच वर्षी सीमोंने हे छापलं आणि बऱ्याच मोठ्या लोकांनी ते उडवून लावलं. मान्यता मिळायला जवळपास दहा वर्षं गेली आणि ती मिळवून दिली मुंबईत परळला चाललेल्या कामाने. १९०५ पासून प्लेग कमिशनने तिथे मुद्दाम छोट्या झोपड्या बांधल्या होत्या, काहींवर आपली देशी कौलं, काहींवर मंगलोरी. देशी कौलांत उंदीर घर करतात. झोपड्यांत गिनीपिग ठेवले. जमिनीवरच्या पिंजऱ्यातले मेले, उंच टांगलेल्या पिंजऱ्यातले जगले, कारण पिसवेची उडी तिथवर जात नाही. इतका साधा आणि इतका बिनतोड पुरावा मी कुठल्या रहस्यकथेत वाचलेला नाही.

पुढे १९१४ साली लंडनच्या दोघा संशोधकांनी दाखवलं की जंतूंनी पिसवेचं नरडंच बुजतं. रक्त पोटात उतरत नाही, भूक भागत नाही, म्हणून ती वेड्यासारखी पुन्हा पुन्हा चावत सुटते आणि प्रत्येक चाव्यात बुजलेल्या नरड्यातलं थोडं रक्त जंतूंसकट ओकते. पिसूसुद्धा त्यात उपाशी मरते. गुन्हेगाराला गुन्ह्याचा पत्ताच नाही.

फ्रेदेरिकचा ‘ले शमां द ला पेस्त’, म्हणजे प्लेगच्या वाटा, हा जाडजूड ग्रंथ २००३ साली आला. उपशीर्षक: उंदीर, पिसू आणि माणूस. फ्रान्समध्ये जां-नोएल बिराबँसारख्या दांडग्या इतिहासकाराने मध्ययुगीन साथीत माणसाच्या अंगावरच्या पिसवेला बरंच महत्त्व दिलं होतं. म्हणजे उंदराशिवायही माणसाकडून माणसाकडे प्लेग गेला असावा. या बाईने पिसवांवरचे जुने-नवे प्रयोग एकेक करून तपासले, हाडांच्या नोंदी पुढे ठेवल्या आणि उंदराच्या पिसवेवरचा आरोप कायम केला. आपल्या भागात झालेल्या त्या कामावाचून हा खटला उभाच राहिला नसता.

म्हणजे ज्या वर्षांत ती हा ग्रंथ रचत होती, त्याच वर्षांत सुट्टीत ती दवंडीवाल्याची गोष्ट लिहीत होती. हे कळल्यावर मी कादंबरी पुन्हा हातात घेतली आणि एक प्रसंग वेगळाच दिसला. प्रेतं सापडतात ती कोळशाने काळी केलेली. माणसं मेलेली असतात गळा आवळल्याने. तपास करणारा पोलीस कमिसार आदम्सबर्ग मध्ययुगाचा अभ्यासक मार्क वांदूसलर याला गाठतो. मार्क घरोघरी झाडलोट करून पोट भरणारा इतिहासकार आहे, पण प्लेग त्याला तोंडपाठ आहे. तो सांगतो की प्लेगने मेलेला माणूस असा काळाठिक्कर पडत नाही; ‘काळा मृत्यू’ हे नाव फार नंतर पडलं आणि लोकांनी त्याचा शब्दशः अर्थ घेतला. ज्या मारेकऱ्याने इब्न सिनापासून सगळं वाचलंय, तो एवढी ढोबळ चूक कशी करेल? तपास त्या चुकीच्या मागे लागतो. पुढचं मी सांगत नाही. पण हा प्रसंग केवळ कथानकाची कळ म्हणून आलेला नाही. उंदराच्या हाडांसाठी माती चाळणारी बाई इथे ठासून सांगते आहे की भय जुन्या दंतकथेवर जगतं आणि त्याचा माग काढायला नेमकी माहिती लागते.

आणि पॅरिसमध्ये प्रत्यक्ष प्लेग नसतानाही शहर हादरतं. लोक आपणहून आपल्या दारांवर चारचे आकडे रंगवायला लागतात, संरक्षण म्हणून. हे वाचताना मला १८९७ च्या सुमाराचे मुंबईतल्या घरांचे फोटो आठवले. भिंतींवर वर्तुळं रंगवलेली आहेत, एकेक वर्तुळ म्हणजे त्या घरातली प्लेगची एकेक नोंद. कुठे ‘यू. एच. एच.’ अशी अक्षरं आहेत, म्हणजे हे घर राहण्यालायक नाही. दारावरची खूण काय करते हे आपल्या पणज्यांना माहीत होतं. ऑक्टोबर १८९६ मध्ये आर्थर रोडच्या इस्पितळावर गिरणी कामगारांचा जमाव चालून गेला, कारण तिथे माणसं बरी करायला नेत नाहीत, मारायला नेतात अशी हूल उठली होती. पुण्यात सोल्जर घरात घुसले, देवघरापर्यंत गेले, बायाबापड्यांना उघड्यावर तपासलं. तो संताप खोटा नव्हता. २२ जून १८९७ ला गणेशखिंडीच्या रस्त्यावर रँडवर गोळी झाडली गेली. त्याच वर्षी मार्चमध्ये सावित्रीबाई प्लेगच्या रोग्यांची सेवा करता करता गेल्या. हे आपण शाळेत शिकतो. उंदीर पडायला लागले की गाव सोडून रानात खोपटं घालून राहायचं, हे मात्र मी शाळेत शिकले नाही, आजीकडून ऐकलं. तिने तिच्या आजीकडून. कुणी इब्न सिना वाचलेला नव्हता, लॅटिनचा तर प्रश्नच नाही, पण सल्ला तोच आणि तोही जास्त नेमका. उंदीर पडला की निघ.

वार्गासच्या बाकीच्या पुस्तकांबद्दल थोडक्यात सांगते. आदम्सबर्ग हा तिचा कायमचा नायक. पिरेनीज पर्वतातला, तर्काने न चालणारा, तासन्‌तास भटकणारा. क्वेबेकचे पोलीस त्याला ढग उपसणारा म्हणतात. जोडीला दांग्लार, पाच मुलांचा एकटा बाप, पांढऱ्या वाइनचा भोक्ता आणि चालताबोलता ज्ञानकोश. मार्क वांदूसलर आधी येतो तो १९९५ च्या ‘दबू ले मोर’मध्ये. त्यात तीन बेकार इतिहासकार एका पडक्या घरात काळाच्या क्रमाने राहतात: पहिल्या मजल्यावर प्रागैतिहासिकवाला, वर मध्ययुगवाला, त्याच्यावर पहिल्या महायुद्धवाला आणि माळ्यावर मार्कचा काका, माजी पोलीस. महायुद्धवाल्याची खोली रंगवताना तिच्या मनात भाऊ असणार, हा माझा अंदाज. २०१५ च्या ‘तां ग्लासिएर’मध्ये एक मंडळ फ्रेंच राज्यक्रांतीतल्या सभा वेशभूषेसह जशाच्या तशा करतं आणि एक माणूस रोबेस्पिएर इतका हुबेहूब वठवतो की समोरच्यांचा थरकाप उडतो. रोबेस्पिएरची चरित्रं भरपूर आहेत. पण त्याच्यासमोर बसणं म्हणजे काय, हे मला त्या सभेच्या पानांत कळलं. सगळ्याच कादंबऱ्या सारख्या उतरलेल्या नाहीत. काहींत योगायोग फार ताणलेले आहेत आणि शेवट घाईत गुंडाळलाय.

एक गोष्ट टाळून पुढे जाणं मला बरं वाटणार नाही. चेझारे बात्तिस्ती हा इटलीचा माणूस सत्तरच्या दशकातल्या सशस्त्र डाव्या गटातला. चार खुनांसाठी त्याला त्याच्या गैरहजेरीत जन्मठेप झाली होती. तो पॅरिसात राहून स्वतः रहस्यकथा लिहायचा. २००४ मध्ये त्याला इटलीच्या हवाली करायची वेळ आली तेव्हा वार्गास त्याच्या बाजूने उभी राहिली, पुस्तक लिहिलं, खटल्याचे कागद उकरले, वर्षानुवर्षं लढली. तो निर्दोष आहे यावर तिचा विश्वास होता. तो ब्राझीलला पळाला, २०१९ मध्ये बोलिव्हियात पकडला गेला आणि इटलीत परत नेल्यावर त्याने चारही खुनांतला आपला वाटा कबूल केला. भलत्याच माणसाला धरलंय अशी ज्या बाईला आतून टोचणी लागते, तिला ती इथेही लागली होती, असं मी समजते. मेलेल्यांच्या घरच्यांनी त्या सगळ्या वर्षांत काय सोसलं असेल, हेही मला त्याच दमात आठवतं. तिच्याबद्दलचा माझा आदर कमी झाला नाही, पण ही दोन्ही मतं मी एकत्र बाळगून आहे.

ऑगस्ट १९९४ मध्ये बीड जिल्ह्यातल्या मामला गावात उंदीर पडले, पिसवा वाढल्या आणि माणसांच्या जांघेत गाठी आल्या. आदल्या वर्षीच्या किल्लारीच्या भूकंपानंतर धास्तीने लोक घराबाहेर राहिले, घरातल्या धान्यावर उंदीर माजले, असं तेव्हा सांगितलं गेलं. महिनाभरात सुरत. लाखो माणसं सुरत सोडून निघाली, त्यात आपल्या खानदेशची किती तरी होती. औषधांच्या दुकानांतली टेट्रासायक्लिन संपली, शहरांतली माणसं तोंडाला रुमाल बांधून फिरायला लागली. लवकर निघ, दूर जा. तेव्हा मला त्या लॅटिन अक्षरांची गंधवार्ता नव्हती, पण आमच्या गल्लीतल्या बायका नाल्याकडे बघत दबक्या आवाजात जे बोलायच्या, ते मला पुढे वार्गासच्या पॅरिसमध्ये जसंच्या तसं ऐकू आलं.

उंदरावरचा खटला मात्र पुन्हा उघडला आहे. २०१८ मध्ये ऑस्लोतल्या संशोधकांच्या गटाने युरोपातल्या जुन्या साथींचे मृत्यूंचे आकडे गणिती पद्धतीने तपासले आणि म्हटलं की साथ ज्या वेगाने पसरली तो वेग उंदरांपेक्षा माणसाच्याच अंगावरच्या पिसवा आणि उवांशी जास्त जुळतो. म्हणजे बिराबँची बाजू पुन्हा उभी राहिली. त्यांच्या पद्धतीवर इतरांनी आक्षेपही घेतले आहेत. चौदाव्या शतकातल्या युरोपचा निकाल अजून लागायचा आहे आणि चाळणीतून निघणाऱ्या प्रत्येक नव्या हाडाला त्यात साक्ष द्यावी लागेल. मुंबईपुरता निकाल लागून शंभरहून अधिक वर्षं झाली. परळच्या त्या कौलारू झोपड्यांनी तो लावला. त्या झोपड्या, तो लोकरीचा कारखाना आणि मांजराच्या पिसवा गोळा करणारा तो फ्रेंच डॉक्टर यांच्यावर मराठीत कुणी एक जाडजूड, अंगावर येणारी रहस्यकादंबरी लिहिली तर मी ती पहिल्या दिवशी विकत घेईन.